बोयापाशी कोण कोणाला धडकलं: एका मॉडेल शीडहोडी क्लबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका छोट्या क्लबातलं. रेडिओवर चालणाऱ्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती, दर रविवारी सकाळी साडेदहाला, खडीच्या जुन्या खाणीत पाणी साठून झालेल्या तळ्यावर. सभासद २७, प्रत्यक्ष येणारे बारा-पंधरा, बहुतेक निवृत्त. मी चार वर्षं तिथे सचिव होतो. म्हणजे पुढे ‘समितीनं चूक केली’ असं जिथे येईल तिथे त्यात मीही आहे असं समजावं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील आणि शीडक्रमांक बदलले आहेत. घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडं. आमच्या होड्या ‘इंटरनॅशनल वन मीटर’ वर्गातल्या, सगळे आयओएम म्हणतात. हा वर्ग १९८८ साली आखला गेला. लांबी जास्तीत जास्त एक मीटर, वजन निदान चार किलो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पाण्याखालच्या कीलमध्ये आणि तिच्या टोकाच्या शिशाच्या बल्बमध्ये. रेडिओचे चॅनेल दोनच: एक सुकाणूला, दुसरा शिडांच्या दोऱ्या आवळायला-सोडायला. बाकी काम वाऱ्याचं. वारा वाढला की लहान शिडांचा संच चढवायचा. असे तीन संच नियमात बसतात.

नियम खऱ्या शिडाच्या होड्यांचेच, शिवाय रेडिओ शर्यतींसाठी एक वेगळं परिशिष्ट आहे, परिशिष्ट ई. वारा उजव्या बाजूनं घेणारी होडी स्टारबोर्ड टॅकवर, डावीकडून घेणारी पोर्टवर. समोरासमोर आल्या तर पोर्टनं वाट द्यायची. चुकलं तर तिथल्या तिथे एक टॅक (होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवणं) आणि एक जाइब (होडीची शेपूट वाऱ्यातून पलीकडे वळवणं) मिळून एक पूर्ण फेरी मारायची आणि पुढे जायचं. पंच शिट्टी वाजवत नाही. चुकणाऱ्यानं आपणहून फेरी मारावी, नाहीतर ज्याचं नुकसान झालं त्यानं आपला क्रमांक, ‘प्रोटेस्ट’ आणि समोरच्याचा क्रमांक अशी हाळी द्यावी, एवढीच व्यवस्था.

आमच्या क्लबात ती हाळी बंद पडली होती. कधीपासून, कुणालाच सांगता येईना. ‘आपण मजेसाठी येतो, प्रोटेस्ट कसले करायचे’ हे वाक्य नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चहाबरोबर मिळायचं. मलाही मिळालं होतं आणि फार आवडलं होतं. पुण्यातल्या सोसायटीच्या बैठका पाहून आलेल्या माणसाला असा भांडण नसलेला क्लब म्हणजे स्वर्गच वाटला.

माणसं

या प्रकरणात चौघं महत्त्वाचे. एकाला मी सुतारकाका म्हणेन, कारण त्यांनी उमेदीची चाळीस वर्षं ओतकामासाठी लाकडी नमुने घडवले. वय ८३. क्लबाच्या संस्थापकांपैकी उरलेले एकटे. होड्या पाण्यात सोडायचा लाकडी धक्का त्यांनी बांधलेला, शर्यतीचा मार्ग दाखवणारे तरंगते बोये त्यांनी केलेले, आणि निदान पाच सभासदांच्या होड्या त्यांनी देवदाराच्या पट्ट्या जोडून घडवलेल्या. माझीही त्यातलीच. दुसरी एक दंतवैद्य बाई, दीड वर्षापूर्वी आलेली, चाळिशीतली, कधी कधी तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन येणारी. तिसरा चॅम्पियन: क्लबाची वार्षिक ढाल बहुतेक वर्षी त्याच्याकडेच. चौथे अध्यक्ष, स्वभावानं भले, आणि कटकट टळावी म्हणून कुठल्याही थराला जाणारे.

काय अडचण आली

नोव्हेंबरातला रविवार, नैर्ऋत्येचा बऱ्यापैकी वारा. तिसऱ्या शर्यतीत वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या बोयाजवळ दंतवैद्य बाईंची होडी स्टारबोर्डवर येत होती. सुतारकाकांची पोर्टवर आली आणि डोलकाठीच्या जरा मागे सरळ कुशीत घुसली. नियमानुसार होडीच्या नाकाला रबरी टोपण असतं, पण चार किलोचा जोर टोपणानं कितीसा अडणार? डेक आणि कुशीच्या सांध्याला चीर पडली. होडी कलली, पाणी भरलं, शीड आडवं झालं. आत हवेचा कप्पा नाही, बाईंनी थर्माकोल भरलेला नाही. रिसीव्हर पाण्याखाली गेला की रेडिओ पोचत नाही, त्यामुळे तिला किनाऱ्याकडे वळवणंही जमेना. चार-पाच मिनिटांत डोलकाठीचं टोकही दिसेनासं झालं. दुपारी दोरीला आकडा बांधून वल्ह्याच्या होडीतून ती वर काढली. अशी होडी नवी घ्यायची तर दोन हजार पौंडांच्या वर जातात. त्यांची जुनी घेतलेली होती, तरी सुकाणू फिरवणारा सर्व्हो, दोऱ्या ओढणारी विंच, बॅटरी सगळं गेलं.

काका बाईंजवळ जाऊन म्हणाले, “माफ कर. मला तू दिसलीच नाहीस.”

खरं तर हे प्रामाणिक वाक्य. पण सोमवारपर्यंत ते पूर्ण क्लबात फिरलं आणि फिरता फिरता त्याचा अर्थ बदलला. कुणी सांगितलं, गेल्या महिन्यात माझ्यावरही आले होते. कुणी सांगितलं, उन्हाळ्यात दोनदा. दोन वर्षांची न दिलेली प्रत्येक हाळी आता काकांच्या खात्यावर जमा व्हायला लागली. त्याच आठवड्यात एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, काका आणि बाई वगळून. बाईंना ‘उगाच अवघडल्यासारखं होईल’ म्हणून वगळलं होतं. मी त्या ग्रुपमध्ये होतो.

कोणते पर्याय होते

समितीचे पाचजण एका पबच्या मागच्या खोलीत बसलो. पहिला प्रस्ताव अध्यक्षांचा: काकांना शर्यत अधिकारी करावं. सन्मानाचं पद, सुरुवातीची उलटी मोजणी त्यांनी म्हणावी, होडी घरी राहील. दुसरा, नजरेची चाचणी घ्यावी. इथे गाडी चालवायला वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता यावी लागते, तसा शीडक्रमांक ठरावीक अंतरावरून वाचायला लावावा. हा प्रस्ताव चर्चेत जोरात होता, तो ‘मग सगळ्यांचीच घेऊ’ असं कुणीतरी म्हणेपर्यंत. त्यानंतर खजिनदार चष्मा पुसत बसले आणि विषय संपला. तिसरा पर्याय होता काकांनी डीएफ९५ घ्यावी. ही तयार किटची ९५ सेंटिमीटरची प्लॅस्टिकची होडी, आयओएमच्या निम्म्या वजनाची, लागली तरी कमी लागेल. पण आमच्याकडे तो ताफाच नव्हता. त्यांनी शर्यत करायची कुणाशी?

चौथा पर्याय मीच मांडला आणि मीच सोडून दिला: शर्यतीची जागा बदलणं. आम्ही उत्तर किनाऱ्यावर उभे राहायचो कारण धक्का तिथे, गाड्या तिथे. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा, म्हणजे वरचा बोया तळ्याच्या पलीकडे, जवळजवळ ऐंशी मीटरवर. सगळी गर्दी, सगळे पोर्ट-स्टारबोर्डचे प्रसंग नेमके तिथे. बोयाभोवती नियमातलं वर्तुळ चार होडी-लांबींचं, आमच्यासाठी चार मीटर. ऐंशी मीटरवर आडवं चार मीटर अंतर हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या दीडपट दिसतं. पण तेच चार मीटर आपल्यापासून दूर जाणाऱ्या दिशेत असेल, तर दोन शिडं एकमेकांवर चिकटवल्यासारखी दिसतात. पुढे कोण, मागे कोण, हे तिथे शाबूत डोळ्यांनाही अंदाजानंच ठरवावं लागतं. शिवाय उत्तर किनाऱ्यावरून पाहायचं दक्षिणेकडे. डिसेंबरात इथे सूर्य भर दुपारीही पंधरा अंशांच्या वर जात नाही, म्हणजे सकाळभर तो शिडांच्या मागे लटकलेला.

हे सगळं मला माहीत होतं. पण पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी क्लबाच्या जागा होत्या, त्यांच्याशी बोलावं लागलं असतं. तेवढा कंटाळा पुरला.

आम्ही पहिला पर्याय निवडला. बाकीच्या प्रत्येक पर्यायात सगळ्यांना थोडं बदलावं लागत होतं. यात फक्त एका माणसाला. हे कारण त्या खोलीत कुणी उच्चारलं नाही.

पहिली कृती, आणि ती कशी फसली

पत्र मी लिहिलं. ईमेल. तीन वेळा सुधारलं, प्रत्येक वेळी ते जास्त गोड झालं. ‘आपल्या प्रदीर्घ योगदानाबद्दल’ वगैरे.

उत्तर आलं त्यांच्या मुलीचं, फोनवर. काकांना हल्ली पडद्यावरचं वाचता येत नाही, म्हणून ते ईमेल तिनं त्यांना वाचून दाखवलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रियेसाठी नाव लागलेलं. “तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही,” ती म्हणाली, “कारण सांगितलं की तुम्ही हेच कराल असं त्यांना वाटत होतं.”

पुढच्या रविवारी काका आले. होडी खोक्यातून काढली, शिडं चढवली, दोऱ्या तपासल्या, आणि ती धक्क्यावर ठेवून दोन तास शेजारी उभे राहिले. पाण्यात सोडली नाही. कुणी त्यांच्याशी हवामानापलीकडे बोललं नाही.

वळण आणलं ते दंतवैद्य बाईंनी. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. होडी माझी बुडाली, मला कुणी काही विचारलंत का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मग त्यांनी सांगितलं की त्याच बोयापाशी ऑक्टोबरात चॅम्पियननं त्यांना पोर्टवरून येऊन दोनदा बाहेर ढकललं होतं, आणि नवी आहे म्हणून त्या गप्प बसल्या. आणि त्या रविवारी काका येताना दिसत होते तेव्हा ‘स्टारबोर्ड’ अशी हाळी आपणही दिली नव्हती, हेही त्यांनीच सांगितलं. “इथे ओरडायचं नसतं असं शिकवलंत ना तुम्ही मला.”

भीड भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. क्लबाच्या बाबतीत त्या दिवशी पटलं.

नियमांचं पुस्तक नीट वाचलं तेही बाईंनीच. दोन महिने आम्ही चर्चा करत होतो आणि परिशिष्ट ई पाचांपैकी एकानंही उघडलं नव्हतं. त्यात दोन गोष्टी सरळ लिहिलेल्या होत्या. एक: शर्यत समिती निरीक्षक नेमू शकते, ते स्पर्धकांमधलेही चालतात, आणि होडी होडीला किंवा बोयाला लागली की त्यांनी क्रमांक पुकारायचे. चूक कुणाची हे सांगणं त्यांचं काम नाही. दुसरी: अपंगत्व असलेल्या स्पर्धकाला इतरांच्या जवळपास बरोबरीनं खेळता यावं म्हणून समिती वाजवी सोय करू शकते, मदतनीसही देऊ शकते, आणि अशी मदत घेतल्यानं बाहेरच्या मदतीवरच्या बंदीचा भंग होत नाही. वर देशाचा कायदा होताच. २०१० चा समानता कायदा निदान २५ सभासद आणि प्रवेशाचे नियम असलेल्या संघटनेलाही लागू होतो. आम्ही २७. मोतीबिंदू त्या कायद्याच्या व्याख्येत बसतो की नाही यावर खजिनदारांनी शंका काढली. बाई म्हणाल्या, कोर्टात जायचंय का आपल्याला?

दुसरी कृती

ईमेल मागे घ्यायला अध्यक्ष आणि मी काकांच्या घरी गेलो. ते मागच्या शेडमध्ये रंधा मारत होते; ते काम हाताच्या अंदाजानं चालतं. आम्ही माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पत्र लिहिलंत तुम्ही मला. चहाच्या वेळी मी तुमच्यापासून पाच पावलांवर उभा असतो.” यावर उत्तर नव्हतं. मग त्यांनी किटली चढवली.

खजिनदार स्वतः मासेमारीही करतात. त्यांनी मासेमारी क्लबाशी एका संध्याकाळी बोलून पश्चिम किनाऱ्याची जागा रविवारी एकपर्यंत मिळवली. बदल्यात उन्हाळ्यात पाणवनस्पती काढायला आमची वल्ह्याची होडी आणि चार माणसं. ज्या कामाचा मी कंटाळा केला ते एवढंच होतं. तिथून मार्ग किनाऱ्याला समांतर पडतो, दोन्ही बोये चाळीस मीटरच्या आत येतात, आणि सूर्य उजव्या खांद्याकडे जातो. दक्षिण किनारा आणखी जवळचा झाला असता, पण तिथली झाडं नैर्ऋत्येचा वारा अडवतात. बोयापाशीच वारा मेला तर शर्यत कसली.

मदतनीस म्हणून बाईंचा मुलगा तयार झाला. त्यानं काय बोलायचं याचा अर्धा पानाचा कागद केला: क्रमांक, टॅक, आणि किती होडी-लांबींवर. ‘एक्केचाळीस, स्टारबोर्ड, तीन’ असं. ‘आता टॅक करा’ म्हणायचं नाही, डावपेच काकांचे. पहिल्या दोन रविवारी तो फार बोलायचा आणि काका वैतागायचे. मग दोघांना लय सापडली.

आणि प्रत्येक शर्यतीत दोन निरीक्षक, पाळीपाळीनं. कुणालाही यातून सूट नाही, अध्यक्षांनाही नाही.

काय झालं

पहिल्या सहा रविवारी पुकारलेले क्रमांक मी वहीत लिहून ठेवले. होडीला होडी लागण्याचे प्रसंग ३४. त्यांत काका सातांमध्ये होते, चॅम्पियन नवांमध्ये, मी सहांमध्ये. ही आकडेवारी फार ताणू नये: किनारा बदललेला, काकांजवळ मदतनीस, आणि पुढच्या होड्यांभोवती गर्दी जास्त असते. पण ‘धडका म्हणजे काका’ हे गणित वहीत बसत नव्हतं, हे सगळ्यांना दिसलं.

चॅम्पियनला ते लागलं. एका शर्यतीत त्याचा क्रमांक तीनदा पुकारला गेला. तिसऱ्यांदा त्यानं ट्रान्समीटर खाली ठेवला आणि दोन आठवडे आला नाही. परत आला तेव्हा काही न बोलता फेऱ्या मारू लागला, आणि तरीही ढाल त्यानंच जिंकली. एक सभासद मात्र ‘आता इथे पोलीस ठाणं झालंय’ असं सांगून दुसऱ्या क्लबात गेला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पहिले काही आठवडे वातावरण खरंच आखडलेलं होतं. बाईंच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च क्लबानं दिला, निम्मा काकांनी. काका पूर्ण द्यायला निघाले होते. बाईंनी घेतला नाही, पण सांध्याची चीर त्यांच्याकडूनच बुजवून घेतली. ती आता कुठे होती ते मला सापडत नाही.

काकांची एका डोळ्याची शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये झाली, दुसऱ्याची पुढे शरद ऋतूत. पहिल्या डोळ्यानंतर त्यांची पहिली तक्रार अशी, की आपल्या होडीचं वॉर्निश इतकं वाईट आहे हे कुणी सांगितलं कसं नाही. मदतनीसाची गरज उरली नाही. मुलगा आता काकांनी दिलेली एक जुनी होडी चालवतो आणि दोघंही बहुधा शेवटच्या पाचांत असतात. मे महिन्यात खालच्या बोयापाशी मला ‘त्र्याहत्तर प्रोटेस्ट चौदा’ अशी खणखणीत हाळी ऐकू आली. त्र्याहत्तर काका. चौदा मी. फेरी मारली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, बुडण्याच्या दिवशीच. तिथल्या तिथे काय झालं ते दोघांना विचारून लिहून ठेवलं असतं तर सोमवारी फिरायला गोष्टच उरली नसती. नियमात यासाठी तरतूद आहे: दुसऱ्या होडीला शर्यत सोडावी लागण्याइतकं नुकसान केलं तर फेरी पुरत नाही, स्वतः बाहेर पडावं लागतं. काकांना कुणी हे सांगितलं नाही. त्यांनी ती शर्यत पुरी केली, नववे आले, आणि आम्ही निकालात नववे लिहिले. हे कौतुक की दुर्लक्ष? तेव्हा मला सौजन्य वाटलं होतं. आता वाटतं, ज्याला नियम लावला जात नाही तो माणूस शर्यतीत धरलेलाच नसतो.

दुसरं, मदतनीसाची सोय आम्ही शेवटी केली. ती पहिली व्हायला हवी होती. पण नुसती तेवढीच केली असती तर बरं झालं असतं असंही मला वाटत नाही. मग तो फक्त काकांचा प्रश्न राहिला असता, आणि चॅम्पियन पोर्टवरून येतच राहिला असता. निरीक्षक आणि किनारा हे सगळ्यांसाठीचे बदल होते, म्हणून मदतनीस उपकारासारखा दिसला नाही.

तिसऱ्या गोष्टीबद्दल मी अजून साशंक आहे. काकांनी नजरेबद्दल आधी सांगायला हवं होतं का? समितीतले दोघं अजून हो म्हणतात. चार किलोची होडी, किनाऱ्यावर मुलं, लोकांच्या महागड्या वस्तू. त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. पण सांगितल्यावर काय झालं असतं ते आमच्या पहिल्या ईमेलवरून कळतंच.

निरीक्षकांची पाळी या उन्हाळ्यात ढिली पडली आहे. दोनऐवजी एक, कधी तोही चहा ओतत असतो. नवा सचिव याद्या लावतो, लोक विसरतात.

आणि तो व्हॉट्सॲप ग्रुप माझ्या फोनमध्ये अजून आहे. कुणी बंद केला नाही, कुणी बाहेरही पडलं नाही. त्यातला शेवटचा संदेश अध्यक्षांचा, काकांना पाठवायच्या ईमेलचा मसुदा ठीक आहे असं सांगणारा. त्याखाली माझा अंगठा.